दाजींचं रद्द झालेलं लायसन

आमच्या दाजींइतका जमिनीवर अवघडून वावरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. चालताना ते दारांच्या चौकटींना धडकत, पायरीवरून उतरताना हमखास एक पायरी विसरत, आणि लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या बादलीला त्यांचा गुडघा लागला नाही असं मला आठवत नाही. पण जमिनीपासून हजारभर फूट वर नेलं की हाच माणूस एखाद्या सोनारासारखा हलक्या हातानं काम करतो, असं त्यांना विमान शिकवणाऱ्या शिक्षकानंच सांगितलं होतं. आम्ही नातेवाईक मंडळी जमिनीवरच राहत असल्यामुळे आमच्या वाट्याला बहुतेक वेळा धडकणारे दाजीच आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव उदगीरकडचं, देवणीजवळचं, नोकरी पाटबंधारे खात्यात. आधी नांदेडला होते, मग उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा नव्या कचेरीत गेले. मराठवाड्यात दुष्काळ पडला की पाटबंधारे खात्यातल्या माणसाची अवस्था चमत्कारिक होते. धरण आहे, कालवा आहे, शिपाई आहे, फक्त पाणी तेवढं नाही. अशाच एका कोरड्या साली नांदेडच्या धावपट्टीवर एक लहानसं विमान आलं. ढगांवर काहीतरी फवारून पाऊस पाडायचा, असा बेत होता. खात्यातर्फे दाजींना तिथे उभं राहायला सांगितलं होतं. विमान चारदोन वेळा वर गेलं, खाली आलं आणि परत गेलं. पाऊस काही पडला नाही. दाजी मात्र त्या विमानाच्या प्रेमात पडले ते पडलेच.

त्यानंतर ते हैदराबादच्या एका फ्लाइंग क्लबात नाव घालून आले. शनिवारी कचेरी सुटली की गाडी धरायची, रविवारी विमान चालवायचं आणि सोमवारी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी कोरड्या कालव्याच्या फायली उघडायच्या. सुरुवातीला आमच्या आईला वाटलं, जावयानं हैदराबादला दुसरं घर केलं. तिनं ताईला आडून आडून विचारलंही. ताई म्हणाली, "केलं असतं तर बरं झालं असतं. निदान बोलायला दुसरा विषय मिळाला असता."

कारण घरात दुसरा विषयच उरला नव्हता. दाजी जेवायला बसले की ताटातली ज्वारीची भाकरी ही धावपट्टी व्हायची आणि हिरवी मिरची हे विमान. मिरची लांबून, ताईच्या खांद्याच्या उंचीवरून येई, नाक किंचित वर करी आणि भाकरीच्या अलीकडच्या काठावर अलगद टेकावी अशी अपेक्षा असे. बहुतेक वेळा ती वरणात उतरत असे. "वारा आडवा होता," असं म्हणून दाजी ती बाहेर काढत आणि पुन्हा वर नेत. स्कूटर सुरू करण्यापूर्वी ते तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत, दोन्ही टायर दाबून बघत, पेट्रोलच्या टाकीला कान लावून तिला हलवत आणि मागे बसलेल्या ताईला विचारत, "तयार?" ताईनं "तयार" असं स्पष्ट म्हटल्याशिवाय स्कूटर हलत नसे. भाजीबाजार घरापासून हाकेच्या अंतरावर होता, तरीही.

घराच्या गच्चीवर त्यांनी ताईचा जुना परकर बांबूला बांधून वाऱ्याची दिशा दाखवणारी बाही केली होती. शेजारच्या बायकांनी बरेच दिवस त्याचे वेगवेगळे अर्थ लावले. पण वाऱ्यातलं आपल्याला कळतं, ही दाजींची खात्री अढळ होती. उमरीला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. दाजींनी सकाळी थुंकीनं बोट ओलं करून वर धरलं आणि मांडवाचं तोंड चुकलंय असं जाहीर केलं. मांडववाला ऐकेना, पण जावयाचा मान म्हणून शेवटी सगळ्यांनी मिळून खुर्च्या हलवल्या, दोर सोडले, मांडव फिरवला. बुद्धवंदना संपते न संपते तोच धुळीची वावटळ उठली आणि बरोबर नव्या बाजूनं मांडवात शिरली. कापड वर उचललं गेलं. पंगतीतल्या पत्रावळी उडाल्या. सगळे दाजींकडे बघू लागले. दाजी मात्र फडफडणाऱ्या कापडाकडे बघत होते, अगदी कौतुकानं. "लई झ्याक उचललं," ते म्हणाले. "आणखी थोडा वेग असता तर सुटलंच असतं."

त्यांनी पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं त्या रविवारी त्यांचे वडील हैदराबादला गेले होते. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात आणि दुष्काळी कामांवर माती वाहिली होती आणि एवढ्या एका मुलाला शिकवलं होतं. मुलगा विमान चालवतो यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. विमानाच्या आसपास काहीतरी पुसण्याबिसण्याचं काम करत असेल आणि लाजून सांगत नसेल, अशी त्यांची समजूत होती. म्हणून खात्री करायला ते उदगीरहून गाडीत बसले. क्लबाच्या तारेच्या कुंपणापाशी पांढऱ्या धोतरात उभं राहून त्यांनी मुलाला एकट्याला वर जाताना पाहिलं, गोल फिरताना पाहिलं आणि खाली येताना पाहिलं. दाजी धावत त्यांच्याकडे आले. बाबा फक्त "कागुद दाव" म्हणाले.

दाजींनी शिकाऊ वैमानिकाचा परवाना त्यांच्या हातात दिला. जाडसर, घडीचा कागद. आत उसना कोट घातलेल्या दाजींचा फोटो. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "ह्याच्यात माजं नाव कुटं हाय?" दाजींनी बोट ठेवून दाखवलं. स्वतःच्या नावाच्या आणि आडनावाच्या मधोमध. बाबांनी त्या जागेवर अंगठा ठेवला. नुकतीच चुना-तंबाखू मळलेली होती, त्यामुळे तिथे एक पिवळट डाग पडला. मग त्यांनी परवाना बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि उदगीर येईपर्यंत मुलाच्या हातात परत दिला नाही. डब्यातल्या प्रत्येकाला त्यांनी तो काढून दाखवला. तिकीट तपासनीस आला तेव्हा तिकिटाऐवजी तोच पुढे केला, हे दाजी पुढे पोट धरून हसत सांगत.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले.

शिकाऊ परवान्यावर सोबत कुणाला बसवता येत नाही. त्यासाठी वरचा, खासगी वैमानिकाचा परवाना लागतो. पहिली माझ्या शेजारी तू बसणार, असं दाजींनी ताईला कबूल केलं होतं आणि त्या कबुलीवर ताईनं कितीतरी रविवार एकटीनं काढले होते. दाजींनी परीक्षा दिल्या, पास झाले, डॉक्टरनं डोळे-कान तपासून पसंती दिली. आता फक्त विमान खात्याच्या हैदराबादच्या कचेरीत जाऊन नवा परवाना आणायचा होता. पण दाजी काही जाईनात. आज काय तर कचेरीत काम आहे, उद्या काय तर मंत्री दुष्काळ बघायला येणार आहेत. चार महिने झाले. शेवटी ताईनं खनपटीला बसून विचारलं तेव्हा कळलं, की नवा परवाना घ्यायचा तर जुना जमा करावा लागतो. "तेवढा सोडून दुसरं काय पण मागा म्हणावं," दाजी म्हणाले आणि गच्चीवर जाऊन बसले.

ताईनं दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. मी तेव्हा नांदेडला बँकेत लागलो होतो. जावई भररस्त्यात माघारी फिरू नयेत म्हणून आईनं मलाही सोबत धाडलं.

खिडकीवरच्या कारकुनानं एका वाक्यात विषय संपवला. "पुराना जमा करो साब, नया लेके जाओ." दाजींनी जुन्याची नक्कल देऊ केली. फोटो काढून देतो म्हणाले. कारकुनानं मान हलवली आणि आम्हाला आत साहेबांकडे पाठवलं. साहेब बीदरकडचे होते, मराठी बोलणारे. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जुन्यावर जिल्हा उस्मानाबाद होता आणि नव्या अर्जावर लातूर. हा उस्मानाबादचा मनुष्य आणि तो लातूरचा, हे दोघे एकच कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं, की माणूस जागचा हललेला नाही, जिल्हाच त्याच्या खालून सरकलाय. साहेब हसले. मग त्यांचं बोट त्या पिवळ्या डागावर थांबलं. सरकारी कागदावर हे काय सांडलंय?

एरवी ज्यांना थांबवावं लागायचं ते दाजी कॉलरशी चाळा करत खिडकीबाहेर बघत राहिले. मी बोलायला तोंड उघडलं, पण ताईनं माझ्या हातावर हात ठेवला. पदर सावरून ती पुढे झाली.

"माझ्या सासऱ्याच्या अंगठ्याचा डाग हाय साहेब," ती म्हणाली. "त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांचं नाव तिथं हाय म्हणून हात ठेवून बघितलं त्यांनी. आता ते न्हाईत. लायसन तुमचं हाय, ठेवून घ्या. पण डाग आमचा हाय."

साहेबांनी खणातून शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि कुठे मारावा म्हणून कागद फिरवून फिरवून बघू लागले. डागावर नको, फोटोवरही नको. शेवटी फोटो आणि सही यांच्या मधल्या जागेत त्यांनी "रद्द" असा शिक्का मारला, कात्रीनं डागापासून लांबचा एक कोपरा कापला आणि कागद दाजींकडे न देता ताईच्या हातात दिला. जमा करून घेतल्याची नोंद मी करतो, आता हा कागद म्हणजे घरातली तसबीर समजा, असं ते म्हणाले. जिना उतरताना दाजींची एक पायरी चुकली, पण त्या दिवशी आम्ही कुणी हसलो नाही.

थोड्या दिवसांनी क्लबाचं विमान घेऊन दाजी नांदेडला आले. शेजारी ताई. मी आणि आई धावपट्टीवर डबा घेऊन उभे होतो. विमान लांबून आलं, नाक किंचित वर केलं आणि पट्टीच्या अलीकडच्या काठावर अलगद टेकलं. आईनं मागच्या दुष्काळापासूनचा जावयावरचा सगळा राग त्या क्षणी सोडून दिला असावा. ताई उतरल्यावर तिनं विचारलं, भीती वाटली का गं? "भीती कशाची," ताई म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे इतका वेळ गप्प बसले."

मग डबा उघडता उघडता तिनं सांगितलं. उदगीरचा किल्ला मागे पडल्यावर दाजींनी विमान गावाकडे वळवलं होतं. बाबांनी दुष्काळी कामावर माती वाहिली तो तलाव खाली दिसत होता, पार कोरडा, भेगाळलेला. दाजींनी पंख कलता केला, तिला नीट दिसावं म्हणून, आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारली. पुढे गोदावरीच्या वाळूत बायकांनी पाण्यासाठी खणलेले खड्डे वरून चाळणीसारखे दिसत होते. विमानाचा आवाज ऐकून त्यांतल्या काही जणी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात हलवले. "मी पण हलवला," ताई म्हणाली. "त्यांना काय दिसला असंल?"

रद्द झालेलं लायसन चौकटीत घालून दाजींनी बैठकीत लावलं. नवं, चालू असलेलं लायसन कुठल्यातरी ट्रंकेत पडून असायचं. नवीन येणारा पाहुणा भिंतीवरचा शिक्का वाचायचा, घाबरायचा आणि हळू आवाजात ताईला विचारायचा, की नक्की काय घडलं होतं, कुणाला लागलं-बिगलं तर नाही ना. दाजी कुणाचाही गैरसमज दूर करत नसत. उलट एक उसासा टाकून चहा मागवत.

बरीच वर्षं ते उडले. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला, डॉक्टरनं नापास केलं. ट्रंकेतला परवाना त्यांनी स्वतःहून पोस्टानं पाठवून दिला आणि परत मागितला नाही. निवृत्त झाल्यावर दोघं नांदेडला आली. आता दाजींना उजेड आणि सावली एवढंच कळतं. संध्याकाळचं विमान येण्याच्या सुमाराला ताई त्यांचा हात धरून विमानतळाच्या कुंपणापर्यंत नेते. मागच्या महिन्यात मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. विमान दिसू लागलं तसं ताई सांगू लागली, शेपूट निळी हाय, दिवा लावलाय, आता चाकं काढली. दाजी मान तिरकी करून ऐकत होते. चाकं टेकली तो आवाज आमच्यापर्यंत आला तेव्हा त्यांनी ताईचा हात हलकेच दाबला.

"चांगला उतरला पोरगा," ते म्हणाले.

"पोरगी पण असंल," ताई म्हणाली, आणि विमानातली माणसं एकेक करून उतरेपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली.