तळहातावरची दीर्घिका

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. सापगावचा भातगिरणीवाला गिरणी बंद असली तरी ओरडूनच बोले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी त्याला पेपरातली बातमी वाचून दाखवली. विश्वाच्या बालपणातल्या काही दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची गावंच, धुळीआड लपल्यात. दिसत नाहीत, पण दुर्बिणीला त्यांची ऊब कळते.

पापण्यांपर्यंत कोंड्यानं माखलेला तो ओरडला, "म्हंजे माज्यासारख्याच की!"

मी विज्ञानाचा मास्तर. गमतीनं म्हणालो, "तळहात वर धर, तुलाही कळेल."

त्यानं ते खरं मानलं. रोज संध्याकाळी तो ओट्यावर हात वर करून उभा राही.

"पाऊस बघतो का रं?" लोक विचारत.

"नाय, दीर्घिका!"

पोरं चिडवायला हात वर करत. त्याला वाटे, तीही शोधतायत. तो त्यांना दिशा सांगे.

शेवटी माफी मागायला मी ओट्यावर गेलो. तोंड उघडणार, तोच तो गरजला, "गुरुजी, घावली! तुमचंच नाव ठेवलंय!" माझा हात मुठीत धरून त्यानं आभाळाकडे उचलला. "लागते का ऊब?"

त्याचा हात चांगलाच गरम होता.

"लागते," मी म्हणालो.