म्हैस उठली का?

बाईक घसरून पायाचं हाड मोडलं तेव्हा मला आधी आठवला तो आमचा जिना. घर कुंभिवलीत, हायवेला लागून. खालचा गाळा टायरवाल्याला भाड्याने दिलेला, वर आम्ही. जिना बाहेरच्या बाजूने, उभा, आणि त्याला कठडा लावायचं दरवर्षी राहून गेलेलं. कर्जतच्या दवाखान्यात पायात सळई घातली. घरी आणल्यावर चुलत भावांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं, पलंगावर ठेवलं, चहा घेतला आणि ते गेले. डॉक्टरांनी पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं होतं. म्हणजे आता ही एक खोली, एक खिडकी आणि खाली दिवसभर धडधडणारा टायरवाल्याचा कॉम्प्रेसर.

घर चालायला हवं म्हणून बायको खोपोलीकडच्या एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. दुपारनंतर माझ्याजवळ कुणीतरी हवं, म्हणून तिने चौथीतल्या मुलीला सांगून ठेवलं, "शाळा सुटली की सरळ वर यायचं. पप्पांना काय लागंल ते द्यायचं. आनि तिथंच बसून वाचायचं."

वाचायचं यासाठी की शाळेतल्या बाईंची तक्रार होती. बाई भिसेगावहून येतात, शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी बायकोला बोलावून सांगितलं होतं, "अक्षरं सगळी येतात तिला. पण वाच म्हटलं की अंग चोरते. घरी रोज थोडं वाचून घ्या." सोबत वर्गातल्या पुस्तकांच्या पेटीतलं एक पातळसं गोष्टीचं पुस्तक दिलं होतं.

झालं. रोज दुपारी ती यायची, दप्तर कोपऱ्यात टाकायची, मला पाणी द्यायची आणि पुस्तक मांडीवर घेऊन भिंतीला टेकायची. मी म्हणायचो, "वाच गं." ती एकेक अक्षर दगड उचलावा तसं उचलायची. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. मग ओठ थरथरायला लागायचे. खालून पोरींचा लंगडीचा आवाज यायचा आणि तिची मान आपोआप खिडकीकडे वळायची. मी ओरडलो की परत पुस्तकात. पान मात्र तेच.

मी तिला दोष देत होतो, पण पडल्यापडल्या बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिच्याकडेच बघत राहायचो. अपघाताच्या आधी हीच पोरगी रविवारी माझ्यामागे बाईकवर बसून पळसदरीला आजोळी जायची आणि रस्ताभर बडबडायची. आता माझ्यासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एकदा पाणी देताना तिने विचारलं, "पप्पा, तुमचा पाय बरा झाला की मला वाचायला नाय ना लागनार?"

तिच्या लेखी पुस्तक आणि माझं आजारपण एकच होतं. दोन्ही एकदम संपायची ती वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली, पाणी दिलं, पुस्तक उघडलं. मी म्हणालो, "ठेव ते. जा, खेळ खाली."

तिला खरंच वाटेना. "मम्मी?"

"मम्मीला मी सांगीन. लागलं तर हाक मारीन. जा."

ती जिन्यावरून धडाधडा उतरली. मी एकटा राहिलो. मोबाइल चार्जिंगला, हात पुरत नव्हता. हायवेवरून कंटेनर जात होते ते किती बघणार? पलंगाच्या कडेला तिने टाकलेलं पुस्तक होतं. माझी शाळा सुटल्यापासून मी कामावरच्या मशीनवरच्या सूचना आणि मोबाइलवरचे मेसेज सोडून काही वाचलेलं नव्हतं. गोष्टीचं पुस्तक तर कधीच नाही. कंटाळा आला होता, म्हणून उचललं.

गोष्ट एका म्हशीची होती. लग्नाची वरात चाललेली आणि वाटेतल्या ओढ्यात, जिथून पलीकडे जायचं ऐन तिथे, एक म्हैस बसलेली. कुणीही उठवायला गेलं की ती म्हणे, "मी नाही उठत. पाणी गार आहे." नवरदेव झाला, नवरदेवाचा मामा झाला. मग बँडवाला पुढे झाला, तिच्या कानाशी पिपाणी फुंकायला वाकला, आणि शेपटीचा असा फटका बसला की पिपाणीसकट पाण्यात. वर आल्यावर त्याने रागाने पिपाणी फुंकली तर आतून बेडूक उडाला. मी एकटाच मोठमोठ्याने हसलो. हसताना पायात कळ गेली, तरी हसू थांबेना.

ती पाणी प्यायला वर आली होती. दारातच थबकली. "काय झालं?"

"म्हैस," मी म्हणालो.

"कुठली म्हैस?"

"तुझ्या पुस्तकातली."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. फसवून परत वाचायला बसवतील, असं वाटलं असावं. पाणी पिऊन ती गेली. थोड्या वेळाने जिन्याच्या वरच्या पायरीवर तिचं डोकं दिसलं. "मग उठली का ती?"

"माझं अजून वाचून नाय झालं."

"मग वाचा ना."

आत न येता ती उंबऱ्यावरच बसली. मी पहिल्यापासून वाचायला घेतलं. मनात वाचताना मी ठेचाळतो ते कळत नव्हतं, मोठ्याने वाचताना सगळं उघडं पडलं. 'वऱ्हाड्यांच्या' या शब्दाशी तर मी तीनदा अडलो.

"पप्पा, तुमाला पन येत नाय?" ती हसायलाच लागली.

"अवघड हाय गं."

"बघू." ती उठून पलंगाजवळ आली, शब्दावर बोट ठेवलं, तीही अडली, आणि मग दोघं मिळून तो शब्द आम्ही कसाबसा पार केला. त्यानंतर ठरलं की मधलं सगळं मी वाचायचं आणि म्हशीचं बोलणं तिने. म्हशीचं बोलणं छोटं होतं. ती नाक फेंदारून, मान वळवून म्हणायची, "मी नाही उठत. पाणी गार आहे." रोज थोडं खेळायचं, थोडं वाचायचं, असं सुरू झालं. एकदा पान उलटलं की मागे जाऊन बँडवाला परत वाचायला लावायची. त्यामुळे गोष्ट पुढे सरकत नव्हती.

तेवढ्यात टायरवाल्याने सहज बायकोला सांगितलं, पोरगी दुपारभर खालीच असते. त्यातून सकाळी तिला उठवायला गेल्यावर पोरगी पांघरुणातून म्हणाली होती, "मी नाही उठत." बायको संध्याकाळी वर आली ती पदर खोचूनच.

"एका जागी पडून हाय तुमी. तेवढं तरी लक्ष द्यायचं ना तिच्याकडं?"

"मला जेलर नाय व्हायचं तिचा," मी म्हणालो. "मी इथं अडकलोय, तिला कशाला अडकवू?"

"आनि मी?" ती म्हणाली. "मी कुठं मोकळी हाय? दिवसभर त्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी ऱ्हाते. मुतायला जायचं तरी विचारून जावं लागतं."

तिने डब्याची पिशवी ठेवली आणि पीठ मळायला घेतलं. मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

पुढच्याच आठवड्यात मला तपासायला कर्जतला नेलं. तीच खुर्ची, तेच चुलत भाऊ. मी मनाशी धरून चाललो होतो की आता कुबड्या मिळतील, निदान जिना उतरता येईल. डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, हाड जुळत नाहीये, परत ऑपरेशन करावं लागेल. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, आत्ता सांगता येणार नाही. मला परत वर चढवताना माझं वजन भावांना पेलत नव्हतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मुलगी पुस्तक घेऊन पलंगाशी उभी. "वाचायचं ना?"

"आज नको."

"थोडंसंच."

"नको म्हटलं ना!" मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती रागाने जाऊन उंबऱ्यावर बसली. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, बायको भाकऱ्या थापत होती. आणि मला ऐकू आलं, पोरगी वाचत होती. माझ्यासाठी नाही, बाईंसाठीही नाही. म्हशीचं पुढे काय झालं हे तिला हवं होतं आणि मी सांगत नव्हतो, म्हणून. अडखळत, एकेक अक्षर. अवघड शब्द आला की ती तो गाळायची आणि मनाने काहीतरी घालायची. 'आचारी' तिला लागला नाही, तर तिने सरळ 'आजोबा' केला.

"अगं, आजोबा नाय…" बायको म्हणायला गेली. मी वळून तिला हाताने खूण केली, राहू दे. तिने माझ्याकडे पाहिलं. भाकरी तव्यावर टाकली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मग? उठली का?"

"थांब ना मम्मी, वाचतेय."

शेवटी कंटाळून सगळ्यांनी ओढ्याच्या अलीकडेच लग्न लावलं. पंगती बसल्या, वास सुटला, तेव्हा म्हैस आपण होऊन उठली आणि पंगतीत जाऊन बसली.

"मग! जेवायला उठनारच की," बायको हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मीही तोंड भिंतीकडून वळवलं होतं.

दुसरं ऑपरेशन झालं. मी अजून वरच आहे. बायकोची कंपनी चालू आहे. पाठ्यपुस्तक मुलगी आजही नाइलाजाने उघडते, आणि शेवटी शिकवण सांगणारी गोष्ट असली की दुसऱ्या दिवशी परत करते. बाई म्हणाल्या, पेटीपाशी आता ती सगळ्यात आधी असते, कधीकधी भांडणही करते. दुपारी ती आधी खाली खेळते, घामाघूम होऊन वर येते, मग वाचते. कधी मोठ्याने, कधी स्वतःशीच. स्वतःशी वाचताना मी काही विचारलं तर तिला चालत नाही.

काल शाळेला निघताना तिने दारातून विचारलं, "पप्पा, आज पेटीतून पुस्तकं मिळनार हायेत. तुमाला कसलं आनू?"

"जाडं आण," मी म्हणालो.