रुखवतातल्या भिंगऱ्या

कारंजा गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरून देणारे शेषराव तसे सरळमार्गी गृहस्थ. फक्त मासे धरायचा विषय निघाला, की त्यांच्या सरळमार्गीपणावर फार विसंबू नये.

अडाण धरणावर सगळं जग गांडूळ नाहीतर बेडकी लावून गळ टाकतं. शेषरावांना तो अडाणीपणा वाटे. त्यांनी मोबाइलवर एक गोरा माणूस पाहिला होता. त्याच्याकडे स्मॉलमाउथ बास नावाचा मासा. गळाच्या वर चकचकीत पान गरगरत राहायचं आणि तो बास नुसत्या चकाकीला भुलून झडप घालायचा. इतक्या शिकलेल्या देशातला मासा जर असा फसतो, तर आपली मरळ काय मोठी हुशार लागून गेली, असा हिशेब करून शेषराव तारेवर पत्र्याची पानं ओवून भिंगऱ्या बनवायला बसले.

तेलाच्या डब्याच्या झाकणाची भिंगरी पहिल्याच आठवड्यात गंजली. तांब्याच्या पट्टीची दिसायला राजबिंडी, पण पाण्यात पडली की आडवी होऊन झोपायची. शेवटी त्यांना साक्षात्कार झाला, की स्टीलच्या चमच्याच्या वाटीसारखं पान जगात दुसरं नाही. खोलगट, हलकं, दोरी जरा ओढली की गरगर फिरायला तयार. घरातल्या चमच्याच्या पहिल्याच भिंगरीला हाताएवढी मरळ लागली. शेषरावांनी तिचा फोटो दुकानात येईल त्याला दाखवला, ज्याची मोटार जळाली होती त्यालाही. त्यांच्या बायकोनं, भागिरथाबाईंनी, मात्र उरलेले चमचे कुलपात टाकले.

मग युक्ती सुचली ती मुलीला, पौर्णिमाला. पलंगाखाली रुखवताचं सामान होतं, त्यात डझनभर चमच्यांचा नवा कोरा डबा.

"बाबा, रुखवताच्या चमच्यानं कोणी जेवते काय? ते तं लोकायले दाखवासाठी असते," ती म्हणाली.

हे कुणाला खोडता येईल? तिनं पक्कडीत चमचा धरायचा आणि बापानं करवत चालवायची. दांडे परत डब्यात, डबा परत पलंगाखाली. लग्न ठरलं की नवीन चमचे आणून ठेवू, असं दोघांचं ठरलं. लग्न ठरलं, आणि चमचे आणायचे राहिले. पौर्णिमाला वाटलं बाबांनी आणले, बाबांना वाटलं पौर्णिमानं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सभागृहात रुखवत मांडताना भागिरथाबाईंनी डबा उघडला.

"पौर्णिमाचे बाबा! चमच्यायचे मुंडके कुठी गेले?"

"म्या कापले," शेषराव लगेच म्हणाले. "एकट्यानं."

लग्नाच्या दिवशी जे बोलू नये ते सगळं भागिरथाबाई बोलल्या. शेषरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांची धास्ती वेगळीच होती. नवऱ्या मुलाची आई सोनीबाई, जऊळक्याची, नजरेची कडक म्हणून प्रसिद्ध. थोरल्या सुनेच्या रुखवतात तिनं म्हणे एकेक गंज-पातेलं उलटं करून बूड पाहिलं होतं. आपल्याला कुणी वेडा म्हणो, चोर म्हणो. पण मुलीनं स्वतःचंच रुखवत कापलं हे या बाईच्या कानावर गेलं, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. पौर्णिमाचं नाव काही झालं तरी निघता कामा नये.

तेवढ्यात वऱ्हाड दारात आलं. डिनर सेटच्या मधोमध चमच्यांचा स्टँड ओकाबोका उभा. शेषराव समोरच्या आपल्या दुकानात धावले, होत्या तेवढ्या भिंगऱ्या आणल्या, पक्कडीनं घाईघाईत गळ तोडले आणि स्टँडला त्या लटकवून दिल्या. कूलरचा वारा लागला मात्र, सगळ्या अशा काही गरगरू लागल्या की बायका भांडी सोडून तिथंच जमल्या. शेषरावांना जरा बरं वाटलं.

सोनीबाई वाकून पाहू लागल्या. सरळ व्हायला गेल्या, तर पदर येईना. घाईत एक गळ तोडायचा राहिला होता.

"ईहीनबाई, हालू नका! ओढसान तं अजून रुतन," शेषराव ओरडले.

ते गुडघ्यावर बसले, पक्कडीनं गळाचा काटा दाबला आणि जरीचा एकही धागा न तुटू देता पदर सोडवला. मासा लागो की विहीणबाई, गळ झटक्यानं काढायचा नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"रुखवतात गळ?" सोनीबाईंचा आवाज चढला. "हे कायचं रुखवत हाय?"

"चमचे होते जी," शेषराव म्हणाले. "म्या कापून मरळीसाठी भिंगऱ्या केल्या. पोरीले काहीच मालूम नाई."

"बाबा खोटं बोलून राह्यले."

लग्नाच्या पांढऱ्या साडीत, अर्धीच वेणी घातलेली पौर्णिमा दारात उभी होती. "कल्पना माही होती. चमचे बी मीच धरले. त्याइले एकट्याले काही बोलू नका."

भागिरथाबाई मिळेल त्या खुर्चीवर बसल्या. शेषरावांनी डोळेच मिटले. सकाळपासून जे सांभाळलं, ते पोरीनं स्वतःच्या हातानं सांडलं होतं.

सोनीबाईंनी एक भिंगरी काढून हातात घेतली. तिच्यावर फुंकर मारली. ती फिरली. पुन्हा मारली.

"मरळ लागते काय हिले?"

"लागते," पौर्णिमा म्हणाली. "हाताएवढी लागली होती."

सोनीबाई मागं उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे वळल्या. "आयकलं? अन् तुमी बेडकायच्या मागं चिखलात लोळता!" मग त्यांनी भिंगरी पौर्णिमाच्या हातात दिली. "सूनबाई, आपल्या घरी चमचे लय हायत. यायले एक बनवून देजो. पण माह्या माहेरच्या चमच्याले हात नको लावू."

अजून लग्न लागायचं होतं. बुद्धवंदनेच्या मेणबत्त्यासुद्धा पेटल्या नव्हत्या. तरी सोनीबाई सूनबाई म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. शेषरावांनी पक्कड खिशात घातली, कूलरकडे तोंड फिरवलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर हुंदके देऊन रडले. मुलीच्या बापानं पाठवणीपर्यंत थांबायचं असतं, पण त्यांना तेवढा दम निघाला नाही.