जिन्यातली पंगत

कुंडलिकरावांच्या तोंडात तीळ भिजत नसे. ढोबळी मिरचीला बरा भाव लागला, की ते बाजारातून वस्तीवर पोचायच्या आत ती बातमी गावभर झालेली असे. मग अविराजने, म्हणजे त्यांच्या लेकाने, इंदापुरात फ्लॅट बुक केल्यावर ते गप्प कसे बसणार? अविराज लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला. रोजचं येणं-जाणं वाचावं म्हणून त्याने घर घेतलं.

बुकिंग झालं तेव्हा जागेवर नुसते खांब उभे होते. जाहिरातीत मात्र ठळक अक्षरात 'प्रशस्त साडेनऊशे चौरस फूट' असं होतं. कुंडलिकरावांनी एका सकाळी वस्तीवरच्या अंगणात चुन्याच्या फक्कीने तेवढा चौकोन आखला. त्यातून स्वयंपाकघर काढलं, दोन खोल्या काढल्या आणि उरलेला सगळा हॉल धरला. मग त्या हॉलमध्ये गडीमाणसांना समोरासमोर दोन रांगांत बसवलं आणि मधून स्वतः रिकामी बादली घेऊन ऐटीत फिरून आले.

"झकास. पंगत बसती," म्हणाले, आणि त्याच दिवशी सगळ्या भावकीला घरभरणीचं चूलबंद आवतण देऊन मोकळे झाले. चूलबंद म्हणजे त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटायची नाही. लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. असं आवतण एकदा तोंडातून गेलं, की मागे घेत नाहीत.

चावी मिळाली ती घरभरणीच्या आठवडाभर आधी. कुंडलिकरावांच्या पत्नी सिंधुबाई दारातच थबकल्या.

"अवं, आपल्या शेळ्या ह्याच्याहून ऐसपैस बसत्यात की."

"सामान न्हाय म्हणून तसं वाटतंय," कुंडलिकराव म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. ते एका भिंतीला टेकून मांडी घालून बसले, सिंधुबाईंना समोरच्या भिंतीला बसवलं. मधून वाढपी जायचा म्हटलं तर त्याला ताटातच पाय द्यावा लागला असता.

"आबा, कार्यालय बघू," अविराज म्हणाला. "न्हायतर बुफे ठेवू."

"घरभरणीचं जेवाण कार्यालयात? मग घर कशाला घेतलं? आन् उभ्यानं दावणीला जनावरं खात्यात."

तिघं बिल्डरच्या ऑफिसात गेले. तिथले मॅनेजर दादासो माणूस मोठा गोड. त्यांनी आधी चहा मागवला.

"तात्या, जाहिरातीतला आकडा खोटा न्हाय. त्यात जिना हाय, पॅसेज हाय, लिफ्टपुढची जागा हाय. समद्यात तुमचा वाटा धरलाय."

कुंडलिकरावांनी बशीत चहा ओतला. "वाटा म्हंजी कसा? आमच्या हिरीत चार भावांचा वाटा हाय. ज्याची पाळी, त्याची मोटार."

"तसंच की," दादासो हसले.

"मग घरभरणीच्या दिवशी जिन्यावर माझी पाळी."

"घ्या की तात्या. तुमचंच हाय."

दादासोंना तो विनोद वाटला. अविराजलाही वाटला. सिंधुबाईंना मात्र नवऱ्याचा चेहरा पाठ होता. त्यांनी परत जातानाच जिन्यासाठी झाडू घेतला.

वर राहायला आलेल्या दोन्ही बिऱ्हाडांना कुंडलिकराव स्वतः जाऊन आवतण देऊन आले.

घरभरणीला पिकअप भरभरून माणसं उतरली. हॉलमध्ये म्हाताऱ्यांची एकच रांग बसली, खोल्यांत लेकुरवाळ्या, पॅसेजमध्ये सोयरे. उरलेली भावकी जिन्यात. एका पायरीवर माणूस, खालच्या पायरीवर त्याची पत्रावळ, तिच्या खाली पुन्हा माणूस, असं थेट पार्किंगपर्यंत. खपली गव्हाची खीर वरून निघायची आणि पाण्याचा जग खालून. मधल्या मजल्यावर दोन्ही अडकले, की आरडाओरडा.

"आरं, आमटी खाली येतीय का न्हाय?"

"येतीय. भोपळा वरच संपलाय, नुसतं पाणी येतंय."

हसणं चाललं होतं, पण कुंडलिकरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांचं लक्ष सगळं रतनआत्यांकडे. भावकीत कुणाचं जेवण कसं झालं, हे आत्या ठरवायच्या, आणि त्यांनी नाक मुरडलं तर ते नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरायचं. त्यांच्यासाठी हॉलमध्ये पाट मांडला होता. गुडघे दुखतात म्हणून त्या पहिल्या वळणावरच बसल्या. "हितं वारं हाय," एवढंच बोलल्या.

तेवढ्यात खालून दादासो आले, मागे एक नवराबायको. वरचा फ्लॅट बघायला आणलेलं गिऱ्हाईक. लिफ्ट अजून सुरू नव्हती.

"तात्या, जरा वाट द्या की."

"भरल्या पंगतीतनं कुणाला उठवत न्हाईत, दादासो. तुमी बी बसा. पाव्हण्यास्नी बी बसवा."

दादासोंचा इलाज चालेना. तिघांना आत्यांच्या शेजारी जागा झाली, पत्रावळी आल्या.

"एवढी माणसं जिन्यात का बसलीत?" पाहुणीने हळूच विचारलं.

"घराचा मोप भाग जिन्यात हाय म्हणं," आत्या म्हणाल्या. "ह्यास्नी इचारा. ह्यांनीच सांगितलंय."

दादासो खिरीत तोंड घालून बसले. पाहुणा विचारत राहिला, आतली जागा नेमकी किती, आणि दोन घास झाल्यावर दादासोंना ती सांगावी लागली. पंगतीत बसलेल्या वरच्या दोन्ही फ्लॅटवाल्यांनीही ती ऐकली आणि एकमेकांकडे बघितलं. पुढच्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून बिल्डरकडे जायचं, हे तिथं ताटावरच ठरलं. त्यातून काय निघायचं ते निघेल.

आत्या उठल्या, हात धुतले, पदराला पुसले. कुंडलिकराव तांब्या घेऊन समोर उभे.

"कुंडल्या, घर बारकं हाय तुझं."

"व्हय आत्या."

"पर वाढलं तू दणकून. आमच्या थोरल्याच्या बंगल्यात म्या अर्धपोटी उठली हुती." आणि कठडा धरून त्या खाली निघाल्या.

सगळे गेल्यावर कुंडलिकराव आणि सिंधुबाई जेवायला बसले, पायरीवरच. घरात भांडी पसरली होती.

"सरका की जरा," सिंधुबाई म्हणाल्या.

"कुठं सरकू? भिंत आली," म्हणत कुंडलिकरावांनी खिरीची बादली जवळ ओढली.