गुडघाभर पाण्याचा फोटो

तांबोळीचाचा माणसाला 'या, बसा' म्हणायच्या आधी त्याची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवायचे. मग तो गिऱ्हाईक असो, दूधवाला असो, नाहीतर तपासणीला आलेला साहेब. पारनेरच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात रोल धुवायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझीही हनुवटी वळली.

"नाक बरं हाय," चाचा म्हणाले, "पन मास्तर, त्याची सावली तुमच्यापेक्षा मोठी पडती."

मी स्वतःला कलावंत समजत होतो. रोल धुऊन निघाला तेव्हा छत्तीसपैकी एकतीस फोटो काळेकुट्ट होते आणि उरलेल्या पाचांत माझाच अंगठा होता. चाचांनी ते पाच काउंटरवर नीट मांडले. "अंगठा मात्र फोकसमधी घेतलाय. हात चांगला हाय तुमचा!" त्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्या डार्करूममध्ये. शिकवायचे काय घेणार, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुमी कागद कमी नासा, एवढंच द्या."

सावलीतलं दिसावं म्हटलं की उन्हातलं पांढरंफट्ट होतं, आणि ऊन सांभाळलं की सावली डांबर होते, ही माझी कायमची रड. त्यावर चाचांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "कागद लई गरीब असतो, मास्तर. डोळ्याला ऊन बी झेपतं, सावली बी झेपती. कागदाला दोन्ही एकदम न्हाई झेपत. त्याला आजाऱ्यासारखं थोडं थोडं भरवावं लागतं."

हे भरवणं मी शिकलो ते पाराजीबाबांच्या विहिरीवर. एका दुपारी ते स्टुडिओत आले. चाचांनी हनुवटी वळवायच्या आत घाईघाईने म्हणाले, "जय भीम, चाचा. माझ्या हिरीचा फोटो पायजे. खालचं पानी बी दिसाया पायजे, आन् वर आमी दोघं नवरा-बायकू बी. न्हाईतर पोरगं म्हनंल, दुसऱ्याच्या हिरीचा धाडला."

त्यांचा मिलिंद मिलिटरीत होता. 'त्या खडकाला पाणी लागायचं नाही' म्हणून बापाशी भांडून गेला, तो दोन वर्षं सुट्टीलाही आला नव्हता. पाणी लागल्याची तीन पत्रं बाबांनी धाडली होती. पोराला वाटलं, घरी बोलवायला म्हातारा थापा मारतोय.

"मी काढतो!" मी म्हणालो. चाचांनी माझ्याकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि युक्ती सांगितली. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा. एक फोटो काठावरच्या उन्हाच्या हिशेबाने घ्यायचा, दुसरा तळातल्या अंधाराच्या हिशेबाने. मग दोन्ही निगेटिव्हमधलं हवं तेवढंच एका कागदावर उतरवायचं. "कॅमेरा हलाया नको, आन् माणसं बी."

कॅमेरा हलला नाही. दोन फोटोंच्या मध्ये पाराजीबाबांना मात्र शंका आली, की पाणी आहे ना अजून? ते वाकून बघून घेत होते, आणि मी खटका दाबला. प्रिंटमध्ये एक पाराजीबाबा काठावर ताठ बसलेले आणि दुसऱ्यांचं मुंडकं विहिरीत लोंबतंय.

चाचांनी चष्मा पुसला. "मास्तर, ह्यातला कोनता पाराजी मिलिटरीत धाडायचा?"

दुसऱ्या खेपेला चाचा स्वतः माझ्या लुनावर मागे बसून आले. त्यांनी बाबांना सांगितलं, "पाराजी, पानी कुठं जात न्हाई. मी बघतो त्याच्याकडं, तू माझ्याकडं बघ." बाबा हलले नाहीत. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सखूमावशींनी, तर श्वासही रोखून धरला असावा.

डार्करूमच्या लाल दिव्यात चाचांनी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने विहिरीची कड आखून घेतली, तेवढ्याच आकाराचा पुठ्ठा कापला आणि तो माझ्या हातात दिला. विहीर झाकून काठ छापायचा, मग काठ झाकून विहीर छापायची. पुठ्ठा सारखा हलता ठेवायचा, म्हणजे कड दिसत नाही. नमाजाची वेळ झाली तसे ते निघाले. "आता तुमी करा."

मी केलं. छान केलं. म्हणजे मला तसं वाटलं. पाणी असं लख्ख उजळलं, की खडकातली चीर न् चीर मोजून घ्या. गुडघाभर पाण्याचा मी काठोकाठ हौद केला होता. चाचा परत आले, तेव्हा मी शाबासकीसाठी हनुवटी स्वतःच वर करून उभा होतो.

"हिरीत ट्यूबलाइट कुनी लावली?"

"चाचा, बाबांचं काम जोरात होईल. पोरगा लगेच येईल."

"येईल ना. आन् आला की पयला हिरीवर जाईल, वाकून बघंल. मग काय म्हनंल? पत्रं खोटी न्हवती, पन फोटो खोटा." त्यांनी प्रिंटचे दोन तुकडे केले. त्यांच्या हातून कागद फाटताना मी तेव्हाच पाहिला. "बाप आधीच खोटा ठरलाय, मास्तर. त्याला अजून खोटा करू नका. डोळ्याला दिसलं तेवढंच द्या."

सहा कागद आणखी नासले. सातव्यावर अंधाराच्या तळाशी एक मंद चकाकी आली आणि वर दोन सुरकुतलेले चेहरे. पाराजीबाबांनी फोटो बराच वेळ धरला. "एवढंच हाय पानी," ते म्हणाले. "बराबर हाय." आणि पाकीट स्वतः चिकटवून पोस्टात टाकलं.

महिना-दीड महिन्याने एक उंच, केस बारीक कापलेला जवान स्टुडिओच्या दारात उभा राहिला. हातात पाण्याची कॅन होती. चाचांनी त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि म्हणाले, "पाराजीचाच हायेस."

"चाचा, आल्या आल्या हिरीत उतरलो," मिलिंद म्हणाला. "फोटोत हाय तेवढंच निघालं. बापाच्या पाया पडलो तिथंच, पान्यात."

चाचांनी उगाच काउंटर पुसला. मग कॅनमधलं पाणी पेल्यात घेऊन एका दमात अर्धं प्याले, डोळे मिटून थांबले आणि उरलेला अर्धा पेला माझ्यापुढे सरकवला.

"गोड हाय," ते म्हणाले. "घ्या मास्तर, काढा बरं आता ह्या गोडीची प्रिंट."