फळीवरचा तांब्या

माझ्या बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव काढले, त्यांच्यासोबत भूतंही गेली. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर ढोंगी म्हणत आले. शिक्षण चौथी. पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.

आम्ही नागपूरला, मानेवाड्याकडे राहतो. नात तन्वी चौदा वर्षांची. उलट बोलली म्हणून माझ्या मुलाने तिला दिवसभर खोलीत कोंडलं. "राहू दे कोंडून, सरळ होते," हे मीच म्हटलं होतं. बाहेर आली ती मुकी होऊन. चार महिने एक शब्द नाही.

काउन्सेलिंगवाल्या मॅडमकडे गेलो. सगळ्या घराला एकत्र बसवायची तिची पद्धत. कोंडल्याचं आम्ही तिच्यापासून लपवलं. तिसऱ्या खेपेला, सकाळी अकराला ती म्हणाली — आज संमोहन करू, डोळे मिटा.

"मी नाही मिटत," मी म्हटलं. "मले झोपवणारी अजून जन्माले याची आहे."

"माय, काहून तमाशा करून राहिली वं?" मुलगा चिडला.

मॅडम हसली. "उघडे ठेवा आजी. नुसता श्वास घ्या."

ज्याला झोपवायचं त्याच्या श्वासाला ती आपला श्वास लावते, हे तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्या दिवशी तिने पोरीला सोडून माझा धरला. माझी छाती भिवापूरला मिरची खुडून खुडून खाल्लेली, घरघरते. थोड्या वेळाने तिचीही घरघरायला लागली...

मग तिची मान कलली. उठली, बंद दारापाशी खाली बसली आणि बुक्क्या मारू लागली — "माय, दार उघड वं... तांब्या वर हाय... माहा हात नाही पुरत..."



माझी पहिली पोरगी सुमन, सहा वर्षांची. अंगात ताप होता. मिरचीचे देठ खुडायला गेले नसते तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. बाहेरून कडी लावून गेले. सांडेल म्हणून पाण्याचा तांब्या फळीवर ठेवला. संध्याकाळी आले तर ती दारापाशीच मेलेली. तांब्या भरलेला. सगळ्यांना सांगितलं, माझ्या मांडीवर गेली. नवऱ्यालाही तेच.

मॅडमचे हात सोलले तरी ती थांबेना. तन्वी उठली. मॅडमला बाजूला घेऊन दार उघडलं, पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली आणि म्हणाली, "पी."

मॅडम शुद्धीवर आली, पण तिला काही आठवत नव्हतं. "मी काय बोलले?" मी सगळं सांगितलं, सुमनचं आणि तन्वीला कोंडल्याचंही. मॅडमने सोललेले हात पदराखाली घेतले. म्हणाली, "पेशंटला परत कसं आणायचं ते शिकले. मी गेले तर मला कोण आणणार, हा विचारच केला नव्हता." संमोहन तिने सोडलं. दार लावून झोपता येत नाही, असं नंतर फोनवर म्हणाली.

मुलगा म्हणतो, कामाचा ताण असेल तिला. असेल. पण सुमनचं पाणी कुठे ठेवलं होतं, हे माझ्याशिवाय जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. हे तिला कुठून कळलं?

तन्वी आता सगळ्यांशी बोलते. माझ्याशी नाही. ते काहून, हे मात्र मला कळतं.