एकाच स्कूटरवरून आलेले वादी-प्रतिवादी

माझ्या मालवणच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. फायलींना निदान वाळवी तरी लागते, किश्शांना तीही नाही! आणि त्यातले निम्मेअधिक आलेत एकाच घरातून, आचऱ्याच्या सुमतीकाकींच्या.

काका गेल्यावर घर तिघांच्या नावावर लागलं. काकी, डोंबिवलीचा थोरला प्रकाश आणि गावात काकींजवळ राहणारा धाकटा नारू. मग काकी अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, औषधं, दिवसभराची बाई... हे सगळं करायचं कोणी? नारू म्हणे, "जो आवशीक बघतलो, तेचा घर!" प्रकाश म्हणे, "घर विकू आणि त्यातून आईचं करू." स्वतःच्या घरात राहायला मिळणार की नाही, हे काकींनाच ठाऊक नव्हतं.

*

एके सकाळी प्रकाश आला. दार लोटून घेत म्हणाला, "मॅडम, नारूला कळता कामा नये." भावावर वाटपाचा दावा लावायचा होता!

तो गेला आणि पाच मिनिटांत नारू हजर. "वकीलबाय, दादाक सांगू नकात हां." यालाही भावावरच दावा लावायचा होता.

मी खिडकीतून पाहिलं, तर प्रकाश खाली स्कूटर धरून उभा. "तुम्ही दोघं एकत्र आलात?"

"मगे? दोन गाड्यांचा पेट्रोल कित्याक जाळूचा?"

मी समजावलं की दोघांचं वकीलपत्र मला घेता येत नाही, दुसरा वकील बघावा लागेल. नारू दुखावलाच. "भायरचो वकील? घरातली गोष्ट भायर जातली मा!"

"मग मी दोघांचीही नाही. मी काकींची वकील," मी म्हटलं. हे मात्र दोघांनाही एकदम पटलं. अशा माणसांवर रागवायचं तरी कसं?

*

काकींना मी कागदावर सल्ला लिहून दिला की घाईने कुठेही सही करू नका. हिस्सा कोणाला द्यायचाच झाला, तर 'सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द' ही अट स्पष्ट लिहून घ्या.

काकींनी मान डोलावली आणि नारूला थेट देवळात पाठवलं, माझ्या सल्ल्यावर कौल लावायला! देवाच्या मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

संध्याकाळी नारूचा फोन आला. "देवान उजवो दिल्यान! पण येळ लागलो. गुरवान तुमचो कागद वाचून दाखवल्यान, तर पाकळी हलाकच तयार नाय. मगे मालवणीत सांगल्यान, तेवा पडली."

तेव्हापासून मी सल्ला सोप्या भाषेत देते.

*

काकींसाठी दिवसभराची बाई म्हणून फिलूमावशी ठेवली. काकींना सेवा करून घ्यायची सवयच नाही. वॉकर ढकलत त्या चुलीपाशी जायच्या आणि फिलूमावशीलाच चहा करून द्यायच्या. वर घावणे!

एकदा फिलूमावशी मला गाठून म्हणाली, "वकीलबाय, कागदार नीट लिवा. मी हिका सांभाळतंय की ही माका?"

*

आज घर जागच्या जागी आहे. दावा लागला नाही, खर्च दोघं वाटून घेतात आणि काकी आपल्याच खोलीत आहेत. लोक श्रेय मला देतात. खरं सांगते, माझा मसुदा भलताच होता.

गेल्या चतुर्थीला दोघं भाऊ घरी होते, म्हणून मीही गेले. या घरचा गणपती पाळीने असतो. एक वर्ष प्रकाशचा खर्च, एक वर्ष नारूचा. त्यावरून कधी भांडण नाही. प्रकाशला तेच सुचलं. "आईचंही तसंच करू. सहा महिने डोंबिवली, सहा महिने इथे. ज्याची पाळी त्याचा खर्च!" नारूने मान हलवली. घर विकायलाही तो तयार झाला, स्वतः जवळच खोली घेणार होता. दोघं भाऊ इतके खूश, की मलाही वाटलं, सुटलो बाई एकदाचे! मी लगेच लिहायला घेतलं.

काकी खाटेवर टेकून मोदकाची पारी वळत होत्या. आता त्यांनी हात थांबवला.

"पाळी बरी आसा, वकीलबाय. पण गणपतीक घरात आणतास, तेवाच तेच्या विसर्जनाचो दिवस ठरलेलो आसता. माझो खंयचो, तो पण लिवन ठेवा."